मालमोटारीचा पुनर्जन्म

वऱ्हाडची काळी जमीन पूर्वापार कापसासाठी प्रसिद्ध आहे. दिवाळीच्या सुमारास अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतील शेते पांढरीशुभ्र दिसू लागतात आणि गावोगावी वेचणीची लगबग सुरू होते. वेचलेला कापूस जिनात जातो. तेथे त्याची सरकी निघते; मग प्रेसमध्ये रुईच्या घट्ट गाठी बांधल्या जातात. या कापसाने शेतकऱ्याचे घर चालवले, तसेच वऱ्हाडातील वाहनांनाही काम दिले. शेतातून जिनापर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी आणि कालांतराने मालमोटार, अशी या वाहतुकीची साखळी होती.

या साखळीतील एक कडी फार चिवट निघाली. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील स्थानक. येथून अडीच फूट रुंदीचे दोन लहान लोहमार्ग फुटत. एक अमरावती जिल्ह्यातील अचलपूरला जाई, तर दुसरा यवतमाळला. पहिल्याची लांबी सुमारे ७६ किलोमीटर आणि दुसऱ्याची सुमारे ११३ किलोमीटर. या मार्गांवरून संथपणे धावणाऱ्या गाडीला लोक प्रेमाने 'शकुंतला' म्हणत. तिला जोडलेले वाफेचे एंजिन १९२१ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार झाले होते. १९२३ साली ते वऱ्हाडात कामास लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल एंजिनाने त्याची जागा घेईपर्यंत गाडी ओढत राहिले. माणसाच्या आयुष्याएवढी ही सेवा झाली!

हे एंजिन सत्तर वर्षे कसे टिकले असेल? वाफेच्या एंजिनाची निगा ही रोजची गोष्ट असते. भट्टीतील राख रोज काढावी लागते. सांध्यासांध्यांत तेल घालावे लागते. पाण्यातील क्षार बॉयलरमध्ये साचतात; म्हणून ठराविक दिवसांनी तो रिकामा करून आतून धुवावा लागतो. यांतील कोणतेही काम मोठे नाही आणि कोणत्याही कामाबद्दल कोणी हार घालीत नाही. परंतु ते एक आठवडा टाळले, तर एंजिन कुरकुरू लागते आणि वर्षभर टाळले, तर कायमचे बंद पडते.

जे यंत्र रोज सांभाळले गेले, त्याची ही कथा झाली. परंतु जे वर्षानुवर्षे उन्हापावसात पडून राहिले, ज्याचे लोखंड गंजले आणि लाकूड कुजले, त्याचे काय? ते पुन्हा चालते होऊ शकेल का? होऊ शकते, मात्र तेथे यंत्राइतकीच माणसाचीही परीक्षा होते. ही परीक्षा कशी असते, हे एका जुन्या मालमोटारीच्या उदाहरणाने पाहण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास भारतात मोटारींचे कारखाने उभे राहू लागले. मुंबईत कुर्ला येथे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने डॉज आणि फार्गो या नावांच्या मालमोटारी तयार केल्या. १९५४ साली जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात जर्मनीतील डाइमलर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने मालमोटारी बनू लागल्या. हे सहकार्य १९६९ पर्यंत चालले. त्या काळातील टाटांच्या गाड्यांच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. कारखान्यातून पुष्कळदा केवळ एंजिन, चाके आणि लोखंडी सांगाडा येई. या सांगाड्याला चेसिस म्हणतात. चालकाची खोली आणि मागचा हौदा ठिकठिकाणचे सुतार व लोहार सागवानी लाकूड आणि पत्रा वापरून बांधीत. त्यामुळे एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यासुद्धा दिसावयास निराळ्या असत. जुनी मालमोटार म्हणूनच केवळ यंत्र नसते. गावोगावच्या कारागिरांच्या हातांची ती आठवणही असते.

समजा, अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका खेड्यात, बंद पडलेल्या जिनाच्या आवारात, अशी एक मालमोटार उभी आहे. घरातील आजोबांनी तिच्यातून कित्येक हंगाम कापूस वाहिला. पुढे नव्या गाड्या आल्या आणि ही निंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. टायर फाटले, हौद्याच्या फळ्या सरपणात गेल्या, बसण्याच्या जागेत कोंबड्यांनी अंडी घातली. एके दिवशी घरच्यांनी ठरवले, की ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणावयाची. मूर्तिजापूरचा एक वृद्ध मिस्त्री या कामास तयार झाला आणि घरातील बारा वर्षांचा नातू त्याच्या हाताखाली राबू लागला.

आरंभीचे दिवस उत्साहाचे असतात. गाडी धुतली, की मूळचा रंग दिसू लागतो. झाकण उघडले, की एंजिन दिसते. गावातील मंडळी गोळा होतात, कौतुक करतात, जुन्या आठवणी सांगतात. मुलाला वाटते, दिवाळीपर्यंत गाडी चालू होईल! मिस्त्री मात्र काही बोलत नाही. तो एक जाड वही मागवतो आणि रिकामे डबे गोळा करावयास सांगतो.

वही आणि डबे कशासाठी, हे पहिला नट काढताना कळते. जुन्या गाडीतील शेकडो नट, बोल्ट आणि सुटे भाग एकमेकांसारखे दिसतात. आज काढलेला बोल्ट कोणत्या छिद्रातला, हे वर्षभराने कोणालाही आठवत नाही. म्हणून प्रत्येक भागाचे सामान वेगळ्या डब्यात ठेवावे लागते, डब्यावर चिठ्ठी चिकटवावी लागते आणि वहीत त्याचे चित्र काढावे लागते. उत्साहाच्या भरात ही गोष्ट विसरणारा मनुष्य गाडी पटकन खोलतो, पण ती पुन्हा जोडू शकत नाही.

दुसरा धडा गंजलेला बोल्ट शिकवतो. पान्याने जोर लावला, तरी तो हलत नाही. मूल हातोडा घेऊन धावते, तेव्हा मिस्त्री त्याचा हात धरतो. "लेका, घाई नोको करू. लोखंडाले बी वेळ लागते," असे तो आपल्या वऱ्हाडी बोलीत सांगतो. मग बोल्टवर पातळ तेल सोडले जाते आणि तो रात्रभर तसाच ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी नट थोडा तापवतात. उष्णतेने तो किंचित प्रसरण पावतो आणि गंजाची पकड सैल होते. त्यानंतर पाना लावून अर्धा फेरा सोडावयाचा, पाव फेरा परत आवळावयाचा, पुन्हा अर्धा फेरा सोडावयाचा. परत आवळणे म्हणजे वेळ फुकट घालवणे, असे मुलाला प्रथम वाटते. परंतु त्या उलट फेऱ्याने आट्यांतील गंजाचा चुरा मोकळा होतो. जो सरळ जोर लावतो, त्याच्या हाती तुटलेला बोल्ट येतो. मग तो छिद्र पाडून काढण्यात आख्खा दिवस जातो.

एंजिनाचेही असेच असते. डिझेल एंजिनात ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा इतक्या जोराने दाबतो, की ती हवा अतिशय तप्त होते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. यासाठी पिस्टन सिलिंडरमध्ये अगदी बेताने बसलेला असावा लागतो. केसाच्या जाडीएवढा फरकही तेथे मोठा ठरतो. कित्येक वर्षे बंद असलेल्या एंजिनात ओल शिरून पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतात. तेथे जबरदस्ती केल्यास आतील भाग फुटतो. म्हणून वरून पातळ तेल सोडून दिवसचे दिवस वाट पाहावी लागते. एंजिन सुटले, तरी सिलिंडर झिजलेले निघतात. मग ते शहरातील कारखान्यात नेऊन आतून कातून घ्यावे लागतात आणि त्या नव्या मापाचे पिस्टन शोधावे लागतात. जुन्या गाडीचे भाग दुकानात सहज मिळत नाहीत. एखादा भाग अकोल्यास मिळतो, एखादा नागपुरास, आणि एखादा कोठेच मिळत नाही. तो मुद्दाम लेथवर घडवून घ्यावा लागतो.

अशा रीतीने दिवाळी येते आणि जाते. हिवाळा सरतो. मे महिन्यात अकोल्याचे तपमान ४५ अंशांच्याही वर जाते. आवारात ठेवलेल्या लोखंडाला हात लावला, तर चटका बसतो. या सुमारास गाडीची अवस्था काय असते? चेसिस दगडांवर उभी आहे. एंजिन शहरात आहे. चाके भिंतीला टेकली आहेत. कमानींचे पाटे सुटे होऊन पडले आहेत आणि शेकडो डबे ओळीने मांडले आहेत. आरंभी ती निदान गाडीसारखी दिसत होती. आता तीही ओळख उरलेली नाही. काम निम्मे झाले आहे, परंतु पाहणाऱ्याला निम्मी गाडी नाहीशी झाली असेच वाटते.

आरंभी जमलेली मंडळी आता येत नाहीत. आली, तर हसतात. "झाली का गाडी?" हा प्रश्न मुलाच्या मनाला बोचतो. घरात पैशांचा हिशेब निघतो. आणि नेमक्या अशाच एखाद्या दुपारी भंगारवाला दाराशी येऊन उभा राहतो. तो सर्व सामानावर नजर फिरवतो आणि वजनाने भाव सांगतो.

येथे विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. भंगारवाला फसवत नसतो. सुट्या पडलेल्या लोखंडाची बाजारातील किंमत तो सांगतो, तेवढीच असते. तेच लोखंड जोडले म्हणजे गाडी होते आणि तिच्यात बसून आजोबा पुन्हा एकदा रस्ता पाहू शकतात, ही किंमत त्याच्या तराजूत मावत नाही. ती ज्यांनी काम अंगावर घेतले, त्यांनाच ठाऊक असते. आणि गाडी एकदा वितळवण्यास गेली, की मागाहून झालेला पश्चात्ताप तिला परत आणू शकत नाही.

मराठीत 'आरंभशूर' असा एक मार्मिक शब्द आहे. सुरुवातीस मोठा पराक्रम गाजवून पुढे काम सोडून देणाऱ्यास तो लावतात. परंतु असे लोक आळशीच असतात, असे समजणे बरोबर नाही. आरंभी काम दिसत असते, म्हणून उत्साह आपोआप येतो. शेवटी फळ दिसत असते, म्हणून तेव्हाही तो येतो. मधला काळ मात्र असा असतो, की काम चालू असूनही डोळ्यांना काहीच दिसत नाही. जमिनीत पेरलेले बी आठवडाभर दिसत नाही. तरी शेतकरी ते उकरून पाहत नाही, कारण उगवण्यास किती दिवस लागतात हे त्याला माहीत असते. मोठे काम हाती घेणाऱ्यासही हा मधला काळ येणार, हे आधीच माहीत असले पाहिजे. ज्याला ते माहीत असते, तो त्या काळात 'माझे चुकले' असे म्हणत नाही; 'मी मध्यावर पोहोचलो' असे म्हणतो.

अर्थात, केवळ माहीत असून भागत नाही. मधला काळ ओलांडण्यासाठी अनुभवी कारागिरांनी काही साध्या रीती घालून घेतलेल्या असतात.

पहिली रीत अशी, की जेवढे लोखंड त्याच दिवशी रंगवता येईल, तेवढेच घासावयाचे. तारेच्या ब्रशने गंज काढला, की लोखंड चांदीसारखे चमकते. पण ते उघडे राहिले, तर पावसाळी हवेत एका रात्रीत पुन्हा तांबूस पडते. म्हणून घासलेल्या भागाला सायंकाळपूर्वी लाल अस्तर द्यावयाचे. या नियमाचा फायदा लोखंडाला होतो, तसाच मनालाही होतो. दिवस संपताना एक तरी भाग, मग तो लहानसा कंस का असेना, पुरा झालेला दिसतो. संपूर्ण गाडीकडे पाहिले, तर धीर खचतो. हातातल्या एका पाट्याकडे पाहिले, तर काम आटोक्यात वाटते.

दुसरी रीत वहीची. मिस्त्री रोजच्या रोज वहीत एक ओळ लिहावयास लावतो. 'आज पुढच्या डाव्या चाकाचे ब्रेक घासले.' 'आज काही झाले नाही. पिस्टनची वाट पाहिली.' मन निराश झाले, की पुढे किती राहिले ते मोजावयाचे नाही. वहीची मागची पाने उलटावयाची. शंभर ओळी एकाखाली एक वाचल्या, म्हणजे डोळ्यांना न दिसलेले काम दिसू लागते.

तिसरी रीत थांबण्याची आहे. पैसे संपतात, शेतीची कामे येतात, परीक्षा जवळ येते. अशा वेळी काम थांबवणे यात कमीपणा नाही. परंतु थांबणे आणि सोडून देणे यांत अंतर आहे. सोडून देणारा पाना जेथल्या तेथे टाकून निघून जातो. थांबणारा उघड्या लोखंडाला ग्रीस लावतो, एंजिनाची तोंडे कापडाने बंद करतो, डब्यांची झाकणे लावतो आणि पुढचे काम कोणते, ते वहीत लिहून ठेवतो. महिन्याभराने परत आल्यावर ती एक ओळ त्याला हाताशी धरून कामावर नेते.

चौथी रीत सर्वांत महत्त्वाची. थकलेल्या दिवशी काम सोडण्याचा निर्णय घ्यावयाचा नाही. भंगारवाला दुपारी आला, तर त्याला सकाळी यावयास सांगावे. रात्री झोप घ्यावी, सकाळी एक लहान भाग पुरा करावा आणि मग विचार करावा. त्यानंतरही काम सोडावेसे वाटले, तर तो विचार कदाचित योग्य असेल. पण बहुतेक वेळा सकाळी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवले जाते.

येथे कोणी म्हणेल, की समजलेली गाडी आणि समजलेला मिस्त्री यांच्या बाबतीत सर्व काही शक्य असते. म्हणून एका खऱ्या यंत्राचा इतिहास पाहावा. 'फेअरी क्वीन' नावाचे वाफेचे एंजिन १८५५ साली इंग्लंडमधील लीड्स येथे बांधले गेले आणि भारतात आले. बंगालमध्ये त्याने आगगाड्या ओढल्या. १९०९ साली ते सेवेतून निवृत्त झाले आणि पुढे कित्येक वर्षे हावडा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर शोभेची वस्तू म्हणून उभे राहिले. त्यानंतर ते उत्तर प्रदेशात चंदौसी येथील रेल्वेच्या प्रशिक्षण विद्यालयात गेले आणि मग दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आले. या एंजिनाला पुन्हा चालवण्याचे काम रेल्वेच्या कारागिरांनी अंगावर घेतले. १८ जुलै १९९७ रोजी, तब्बल ८८ वर्षांच्या विश्रांतीनंतर, ते लोहमार्गावर धावले. जगात नियमित सेवेत असलेले सर्वांत जुने वाफेचे एंजिन म्हणून १९९८ साली गिनेसच्या विक्रमांत त्याची नोंद झाली.

ही कथा एवढ्यावर संपली असती, तर ती फार गोड झाली असती. परंतु २०११ साली या एंजिनाचे कित्येक भाग चोरीस गेले आणि ते पुन्हा बंद पडले. एकदा पुरे केलेले काम असे उद्ध्वस्त झालेले पाहून कारागिरांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. तरीही ते एंजिन चेन्नईतील पेरांबूरच्या कारखान्यात नेण्यात आले, गेलेले भाग नव्याने घडवले गेले आणि 'फेअरी क्वीन' दुसऱ्यांदा उठून चालू लागले. गंजलेल्या बोल्टचा नियम मोठ्या यंत्रालाही लागू पडला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे आणि पुन्हा पुढे!

आता वऱ्हाडातील त्या मालमोटारीकडे परत वळावे. पावसाळा उलटून गेला आहे. एंजिन शहरातून परत आले आहे आणि साखळीने उचलून चेसिसवर बसवले गेले आहे. ज्या डब्यांकडे पाहून मुलाला कंटाळा येई, ते आता एकेक करून रिकामे होत आहेत. चिठ्ठी वाचावी, वहीतील चित्र पाहावे, बोल्ट आपल्या जागी बसवावा. खोलताना एकेका बोल्टला लागलेला दिवस आता क्षणात फिटतो. सुतार नवी सागवानी चौकट उभी करतो. जुन्या चौकटीतील एक शाबूत फळी तो मुद्दाम जपून तिच्या मूळ जागी लावतो, कारण आजोबांनी तिच्यावर आपले नाव खिळ्याने कोरलेले आहे.

एंजिन चालू करण्याचा दिवस उजाडतो. गाव पुन्हा गोळा होतो. मिस्त्री कळ फिरवतो. एंजिन घुमते, खोकते आणि बंद पडते. पुन्हा कळ फिरते, पुन्हा तोच प्रकार. मंडळींत कुजबूज सुरू होते. वर्षापूर्वी हाच मुलगा अशा वेळी रडकुंडीस आला असता. आता तो शांतपणे पाना उचलतो. डिझेलच्या नळीत हवा अडकली असेल, तर एंजिनाला डिझेल पोहोचत नाही, हे तो शिकला आहे. तो नळीचा नट किंचित सैल करतो. पंप हाताने दाबताच फेस बाहेर येतो, मग बुडबुडे येतात आणि शेवटी डिझेलची स्वच्छ धार लागते. तो नट आवळतो आणि मिस्त्रीला खूण करतो. या वेळी एंजिन खोकत नाही. पांढऱ्या धुराचा एक लोट उठतो आणि मग तो जाड, संथ, ओळखीचा आवाज सुरू होतो.

आजोबा ओट्यावर बसलेले असतात. ते काहीच बोलत नाहीत. केवळ डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून ऐकत राहतात. थोड्या वेळाने म्हणतात, "सहाही सिलिंडर चालले आहेत बरं का!"

त्या रात्री मुलगा वही उघडतो. 'आज एंजिन चालू झाले,' अशी ओळ तो लिहितो. लेखणी खाली ठेवणार, इतक्यात मिस्त्रीची सवय त्याला आठवते आणि तो खाली आणखी एक ओळ लिहितो: 'उद्या मागचे ब्रेक तपासणे.'

काम पुरे झाले, म्हणून वही बंद होत नाही. मूर्तिजापूरचे ते लहानसे एंजिन रोजच्या निगेवर सत्तर वर्षे चालले. ही गाडीही आता तशीच चालेल. मात्र उद्याची ओळ लिहिणारा कोणी तरी हवा.

स्वाध्याय

१. मूर्तिजापूरच्या वाफेच्या एंजिनाची निगा कशी राखावी लागत असेल, ते लिहा.
२. गंजलेला बोल्ट सोडवताना पाना मध्येच उलट का फिरवतात?
३. 'भंगारवाला फसवत नसतो,' असे पाठात का म्हटले आहे? त्याच्या तराजूत कोणती किंमत मावत नाही?
४. थांबणे आणि सोडून देणे यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. 'आरंभशूर' या शब्दाचा अर्थ सांगून त्याचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.
६. तुमच्या घरातील किंवा गावातील एखाद्या जुन्या वस्तूची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.